पहिला आठवडा उलटल्यावर

लीलावती साळवे बोलायला उभ्या राहिल्या की चर्चच्या हॉलमधले पंखेसुद्धा दबकून फिरतात, असं त्यांचे यजमान लक्ष्मीकांत म्हणायचे. म्हणायचे अर्थातच बायको चार हात लांब आहे ना, हे बघून. फौजेत सिग्नल्समध्ये हवालदार म्हणून नोकरी केलेला माणूस, पण घरात त्यांची रेंज स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच चालायची.

लीलावती, म्हणजे सगळ्यांच्या लीलामावशी, रायबरेली रोडवरच्या एका मोठ्या इस्पितळातून सिस्टर इनचार्ज म्हणून रिटायर झालेल्या. तेलीबागेत दोन खोल्यांचं स्वतःचं घर, मागे एक पेरूचं झाड, दारात नवऱ्याची स्कूटर. दोघंही मूळ राहुरीकडचे, पिढीजात कॅथलिक. आता नगर जिल्ह्यातल्या कॅथलिकांची नावं अशीच असतात, लीलावती काय, लक्ष्मीकांत काय. आईबापांनी हौसेने ठेवलेली, चारचौघांसारखी. पण लखनौला ख्रिस्ती माणूस म्हणजे थॉमस, मॅसी नाहीतर डिसोझा, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे साळव्यांना दिवाळीची मिठाई आणून द्यायचे आणि नाताळच्या दिवशी विचारायचे, आज सुबह-सुबह इतना सज-धज के कहाँ?

लीलामावशींनी यावर फार पूर्वीच इलाज शोधला होता. तेलीबागेत राहायला आल्या त्याच दिवशी सामानाच्या ट्रकमधून उतरल्या उतरल्या शेजारणीला सांगितलं, हम लोग कैथलिक हैं, इतवार सुबह घर पे नहीं मिलेंगे, दूधवाला आया तो ज़रा ले लेना. झालं. शेजारीण दूध घ्यायला लागली ती आजतागायत. इस्पितळात नोकरी लागली तेव्हाही पहिल्याच दिवशी मेट्रनला हेच. एकदा सांगितलं की परत सांगावं लागत नाही, ही मावशींची ठाम समजूत, आणि त्यांच्या बाबतीत ती खरीही ठरली होती.

तर अशा या बाई कॉलेजच्या पोरांना उपदेश करायला कशा लागल्या? हजरतगंजच्या चर्चमध्ये दर जुलैत, कॉलेजं उघडली की, नव्याने आलेल्या कॅथलिक विद्यार्थ्यांचा एक मेळावा भरायचा. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मग हॉलमध्ये छोले-पुरी, आणि मधे फादरांचं भाषण. २००३ सालच्या जुलैत केरळच्या त्या फादरांचा घसा असा बसला की तोंडातून नुसती हवा. त्यांनी समोर नजर फिरवली, तर पहिल्या रांगेत पुऱ्यांचा हिशेब मांडत बसलेल्या लीलामावशी दिसल्या. फादरांनी खुणेने विचारलं, तुम्ही दोन शब्द बोलाल का. मावशी उठल्या आणि चाळीस मिनिटं बोलल्या. पुऱ्या थंडगार झाल्या. पण पोरं पोट धरून हसली, दोन मुली रडल्या, आणि पुढच्या वर्षी फादरांचा घसा ठणठणीत असूनही त्यांनी माइक सरळ मावशींच्या हातात दिला.

त्यांचं हिंदी म्हणजे लिंगाची ऐशीतैशी. रोटी गेला, पंखा आली. पण बोलणं मात्र असं की झारखंडहून आलेला लाजाळू मुलगासुद्धा मान वर करून ऐकायचा. त्या सांगायच्या, शहरात आलात की आधी मोमोजवाला शोधता, चर्च नंतर. उलटं करा, मोमोजवाला कुठे पळून जात नाही. मिस्सेला जायचं की नाही हे रविवारी सकाळी पांघरुणात ठरवायचं नसतं, ते शनिवारीच ठरवून झोपायचं. महिन्यातून एकदा कन्फेशनला जा, फादर काही तुमच्या घरी फोन करत नाहीत. जेवण चुकवू नका. उपाशी माणसाला प्रार्थना सुचत नाही, भलतेसलते विचारच सुचतात. पहिल्या परीक्षेत नापास झालात तर देवाने आपल्याला सोडलं असं समजून रडत बसू नका. अभ्यास केला नव्हता असं समजा, बहुतेक वेळा तेच खरं असतं. आणि प्रेमात पडलात तर आधी आईला सांगा. आईची भीती वाटली तर मला सांगा, मी आईपेक्षा जास्त ओरडेन पण कमी वेळ ओरडेन.

हे सगळं हसत-खेळत झालं की मग त्या आवाज खाली आणायच्या. आपण कोण आहोत, हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. खोलीतल्या पार्टनरला, वर्गातल्या शेजाऱ्याला, मेसवाल्याला. भांडायचं नाही, मिरवायचं नाही, नुसतं सांगायचं. पहिल्या आठवड्यात ते एक वाक्य असतं. तिसऱ्या महिन्यात तेच वाक्य गळ्यात अडकतं. इतकं बोलून त्या माइक ठेवायच्या आणि पुऱ्यांकडे वळायच्या.

२०१३ च्या जुलैत या मेळाव्याला क्षितिजा भालेराव आली. तिचे वडील उल्हास लक्ष्मीकांतांच्याच युनिटमध्ये, त्यांच्याहून बरेच ज्युनियर. लखनौला पोस्टिंग असताना पोरगी इथेच बारावी झाली, बीएस्सीला प्रवेश मिळाला, आणि तेवढ्यात उल्हासची बदली तेजपूरला. बायको राहुरीला सासूसासऱ्यांजवळ. पोरीला निशातगंजच्या बाजूला एका खाजगी होस्टेलात ठेवून उल्हास मावशींच्या दारात आला. ताई, हिला तुमच्या पदरात टाकून चाललोय, एवढंच म्हणाला, आणि त्या दणकट फौजी माणसाचा आवाज फाटला. मावशी म्हणाल्या, बिनघोर जा. माझ्या नजरेखालून पाखरू जात नाही.

आणि खरंच, क्षितिजाने तक्रारीला जागा ठेवली नव्हती. दर रविवारी सकाळी सातच्या मिस्सेला हजर. केस विंचरलेले, ओढणी नीट, ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मान खाली. मावशी मराठीत विचारायच्या, ती हिंदीत उत्तरं द्यायची. जेवतेस ना? हाँ मावशी. पार्टनर कशी आहे? बहुत अच्छी है. कोण गं ती? अर्चिता मिश्रा, हरदोई की. मावशी फोनवर उल्हासला सांगायच्या, तुझी पोरगी म्हणजे सोनं आहे, तू तिकडे शांत झोप. दहा वर्षं भाषण दिलं, पण इतकं मनावर घेणारी मुलगी पहिलीच, असंही त्यांनी लक्ष्मीकांतांना दोन-तीनदा ऐकवलं. लक्ष्मीकांत पेपर वाचत हूं म्हणाले.

सप्टेंबर लागला. आठ सप्टेंबर हा मतमाउलीचा दिवस, पवित्र मरियेचा जन्मदिवस. त्या सुमाराला तिकडे हरेगावला मोठी यात्रा भरते, नगरकडचा कॅथलिक माणूस जगात कुठेही असो, त्याचा जीव त्या दिवसांत हरेगावला ओढ घेतो. लखनौत यात्रा कुठली? म्हणून मावशी त्या दिवशी आपल्या घरी फौजेतली पाच-सहा मराठी कुटुंबं बोलवायच्या, माळेची प्रार्थना व्हायची आणि मग पुरणपोळी. त्या वर्षी आठ तारीख नेमकी रविवारी आली होती. क्षितिजाने येऊन माळ सांगायची, असं मावशींनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

त्याच्या आदल्या आठवड्यात क्षितिजा एका दुपारी अचानक तेलीबागेत आली. मावशी, मोदक कसे करायचे? मावशींना वाटलं ऐकण्यात चूक झाली. कशाला गं मोदक? तर कॉलेजात फूड फेस्टिव्हल आहे, महाराष्ट्राचा स्टॉल लावायचाय. मावशींना काय, स्वयंपाक शिकवायला मिळाला की स्वर्ग. अमीनाबादेतून लक्ष्मीकांतांना सुकं खोबरं आणायला पिटाळलं, कणीक मळली, सारण भाजलं, आणि तळणीचा मोदक कसा वळायचा, कळ्या कशा बारीक घ्यायच्या, टोक कसं चिमटीत धरायचं, हे हात धरून शिकवलं. पोरीच्या हाताला गोडी आहे हो, असं त्या दिवशी उल्हासला फोनवर सांगून झालं. जाताना क्षितिजा दारात घुटमळली, काहीतरी बोलायचंय असं तोंड केलं, आणि मग नुसतंच, रविवारी मला जमणार नाही, प्रॅक्टिकलचं सबमिशन आहे, एवढं म्हणून निघून गेली. मावशी नाराज झाल्या, पण अभ्यासापुढे त्यांनी कधी कोणाला अडवलं नव्हतं.

रविवारी सकाळी क्षितिजा मिस्सेला आली आणि मिस्सा संपताच घाईघाईने गेली. दुपारी मावशींच्या घरी माळ झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. डब्यात सात-आठ पुरणपोळ्या उरल्या होत्या. पोरगी बिचारी सबमिशन करत बसली असेल, मतमाउलीच्या दिवशी मेसचं बटाट्याचं पाणी पीत असेल, या विचाराने मावशींना चैन पडेना. त्यांनी डबा बांधला, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतला, ऑटो केला आणि थेट निशातगंज गाठलं.

होस्टेलच्या खालच्या हॉलमध्ये पाय ठेवला आणि त्या जागच्या जागी थांबल्या. एका भिंतीशी थर्माकोलचं मखर उभं राहत होतं. क्रेप कागदाच्या झिरमिळ्या, कागदी कमळं, मधे रिकामा पाट. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. आठ-दहा मुली कात्र्या आणि डिंक घेऊन बसलेल्या, आणि मधोमध उभी राहून, ही झिरमिळी इकडे, ते कमळ तिकडे, असं सांगत होती ती क्षितिजा. शेजारी ताटात नमुन्याला तळलेले मोदक. त्यांच्या कळ्या बघताच मावशींनी ओळखलं, हे आपल्याच स्वयंपाकघरातून आलेलं वळण.

एक उंच, चुणचुणीत मुलगी पुढे आली. हीच अर्चिता. तुम्हीच क्षितिजाची मौसी का, हिने किती सांगितलंय तुमच्याबद्दल, असं म्हणत तिने वाकून मावशींच्या पायांना हात लावला, बसायला खुर्ची ओढली, हातात मोदक ठेवला. मग तिनेच भडाभडा सगळं सांगितलं. होस्टेलात पहिल्यांदाच गणपती बसतोय, कारण पहिल्यांदाच कोणी महाराष्ट्राची मुलगी आलीय. आम्हा कोणालाच काही येत नाही, क्षितिजाच स्थापना करणार होती. पण आता तुम्ही आलात, तर मौसी, उद्या स्थापना तुमच्याच हातून होऊ दे.

मावशींच्या गळ्यातला क्रूस पदराखाली होता. हातात मोदक होता. आणि समोर क्षितिजा, तोंडावरचं रक्त उतरलेलं, त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

मावशींचा राग गणपतीवर नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. राहुरीकडच्या त्यांच्या गावात शेजारच्या घरी आरती झाली की ही सगळी पोरं खिरापत खायला हजर असायची, आणि नाताळात शेजारची पोरं करंज्या खायला यांच्याकडे. कोण कुठला हे गावाला ठाऊक होतं, म्हणून त्यात कसली अडचण नव्हती. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला तो खोटेपणाने. फूड फेस्टिव्हल, सबमिशन, हाँ मावशी, बहुत अच्छी है मावशी. जिच्यासाठी तेजपूरला फोन करून छाती फुगवली, तिने आपल्याच ओट्याशी उभं राहून आपल्याला बनवलं. बोलायला तोंड उघडलं तर छप्पर उडेल, हे मावशींना स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी मोदक ताटात ठेवला, अर्चिताला म्हणाल्या, बेटा, ज़रा इससे एक बात करनी है, आणि क्षितिजाचं मनगट धरून तिला जिन्याकडे नेलं.

जिन्यात काय काय झालं ते सगळं सांगत नाही. मावशी दबक्या आवाजात ओरडल्या, आणि दबक्या आवाजात ओरडणं किती भयंकर असतं ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. बाप तिकडे सीमेवर, आजी तिकडे माळ ओढत बसलीय, आणि तू इथे? क्षितिजा आधी ढसाढसा रडली, मग थोडं थोडं बाहेर आलं. सामान लावायच्या पहिल्या दिवशी अर्चिताची आई खोलीत होती. महाराष्ट्र की हो, तब तो गणपति की बड़ी भक्त होगी, असं ती प्रेमाने म्हणाली. क्षितिजाने नुसती मान हलवली. एवढंच. दुसऱ्या दिवशी सांगायला गेली तर वाटलं, काल का नाही सांगितलं असं विचारतील. तिसऱ्या दिवशी त्याहून कठीण. रविवारी मिस्सेला जायचं तर कोचिंग आहे म्हणून सांगितलं. मिस्सा तिने एकदाही चुकवली नव्हती. फक्त कुठे जाते ते कोणाला कळू दिलं नव्हतं. मग गणपतीचं निघालं, आणि मुलींनी तिला डोक्यावर घेतलं.

मावशी म्हणाल्या, अगं पण मी हॉलमध्ये घसा फोडून सांगितलं होतं ना, पहिल्या आठवड्यात सांगून टाका म्हणून? तू तर समोरच बसली होतीस.

क्षितिजाने डोळे पुसले आणि एरवी कधी बोलायची नाही अशा स्वच्छ मराठीत म्हणाली, "मावशी, तुम्ही पहिल्या आठवड्याचं सांगितलंत. तोवर माझं चुकून झालं होतं. ज्याचं चुकलंय त्याने काय करायचं, ते तुम्ही सांगितलंच नाही."

लीलामावशींना उत्तर सुचलं नाही. लक्ष्मीकांत तिथे असते तर त्यांनी कॅलेंडरवर खूण केली असती. मावशी जिन्याच्या पायरीवर बसल्या. जुलैत हॉलमध्ये बसणारी आणि दसऱ्यापर्यंत दिसेनाशी होणारी मुलं त्यांना आठवायला लागली. जगदलपूरचा तो चष्मेवाला, नर्सिंगच्या त्या दोघी. कच्ची निघाली, असं म्हणून मावशींनी त्यांचा विषय संपवला होता. त्यांच्यातल्या किती जणांचा आठवडा आपलं भाषण ऐकायच्या आधीच निघून गेला असेल? त्यांच्यासाठी आपण दरवाजाच ठेवला नाही, ही गोष्ट मावशींच्या काळजाला लागली.

पण त्या फार वेळ बसून राहणाऱ्यातल्या नव्हेत. नाक पुसलं, पाठ ताठ केली आणि वॉर्डातली सिस्टर बोलायला लागली.

"औषध चुकीचं दिलं गेलं, तर आम्ही काय करायचो सांगू? लपवायचं नाही आणि रडायचं नाही. कळलं त्याच पावली जाऊन डॉक्टरला सांगायचं. सबब सांगायची नाही. रडायचं ते ड्यूटी संपल्यावर."

सोडतील मला सगळ्या, क्षितिजा म्हणाली.

"सोडेल एखादी. मी खोटं सांगणार नाही. पण आत्ता त्या तुझ्या मैत्रिणी आहेत कुठे? त्या दुसऱ्याच कोणा मुलीच्या मैत्रिणी आहेत."

तुम्हीच सांगा ना आत जाऊन, असं तिने हात जोडून विनवलं. आता हे म्हणजे मांजराला दूध प्यायची विनंती. बोलायची संधी, ती पण समोर श्रोते तयार असताना! मावशींची जीभ अक्षरशः वळवळली. पण त्यांनी मान हलवली. सांगायचं तर तूच सांगायचं. मी खुर्चीवर बसते, कुठे जात नाही.

आणि त्या खरंच हॉलमध्ये येऊन, पुरणपोळीचा डबा मांडीवर घेऊन, तोंड मिटून बसल्या. क्षितिजा मखरासमोर उभी राहिली. हातांना काय करावं कळेना म्हणून ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "मुझे कुछ बताना है. मैं कैथलिक हूँ. ईसाई. पहले दिन बताना चाहिए था, नहीं बताया. ग़लती मेरी है."

कात्र्या थांबल्या. कोणीतरी हसलं, म्हणजे थट्टा आहे असं समजून, आणि मग गप्प झालं. एकीने विचारलं, मग नाव असं कसं? क्षितिजा म्हणाली, मराठी आहे म्हणून. दुसरी कोपऱ्यातली मुलगी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि हातातलं कागदी कमळ खाली टाकून निघून गेली. तिसरीला वेगळीच काळजी. मग उद्या आरती कोण म्हणणार? क्षितिजाने एकदा मावशींकडे पाहिलं. मावशींनी ओठ घट्ट आवळले होते, भुवई पण हलवली नाही. तेव्हा तीच म्हणाली, शब्द मी शिकवते, शाळेपासून पाठ आहेत. मोदकही करते. पण पूजा तुमची आहे, ती तुम्ही करा, मी पूजेला बसणार नाही. लीलामावशींनी मनात म्हटलं, मी हेच सांगितलं असतं, फक्त मला पाऊण तास लागला असता. त्यांना त्या क्षणी पोरीचा असा अभिमान वाटला की मघाचा राग कुठल्या कुठे गेला.

फक्त अर्चिता काही बोलली नव्हती. ती डिंकाची बाटली हातात धरून उभी होती. तिने एकच विचारलं, "और इतवार की कोचिंग?"

"चर्च जाती थी."

अर्चिताने बाटलीला झाकण लावलं, ती नीट बाजूला ठेवली आणि जिना चढून वर गेली.

सोमवारी गणपती बसला. मुलींनी कागदावर लिहून घेतलेली आरती वेड्यावाकड्या चालीत म्हटली, मोदक दहा मिनिटांत संपले. कमळ टाकून गेलेली मुलगीसुद्धा तिसऱ्या दिवशी येऊन मोदकाची कृती विचारून गेली. बाकीच्यांनी चार दिवस प्रश्न विचारून भंडावलं, नाताळात आम्हाला नेशील का असंही विचारलं. पण अर्चिताने क्षितिजाशी बोलणं बंद केलं होतं. एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर दोन खाटा, आणि शब्द नाही. क्षितिजा संध्याकाळी मावशींना फोन करून रडायची. बाकी सगळ्या गेल्या असत्या तरी चाललं असतं मावशी, हीच जायला नको होती. मी राहुरीला जाते, तिकडे कॉलेज आहे.

मावशी स्वतःलाच विचारत राहायच्या. आपण घाई केली का? पोरीला एकटीला पुढे ढकलून आपण खुर्चीवर बसून राहिलो, हे बरोबर झालं का? उल्हासला काय सांगायचं? सगळ्या जगाला सल्ला देणाऱ्या बाईंकडे त्या आठवड्यात दोनच शब्द होते. थांब गं. थांब थोडी. जेवणात दोनदा मीठ विसरलं तरी लक्ष्मीकांतांनी ब्र काढला नाही, उलट भांडी घासली. एका संध्याकाळी ते आपण होऊन म्हणाले, तू बरोबर केलंस. मावशींना त्या वेळी ते फार बरं वाटलं, पण खात्री काही पटली नाही.

पुढच्या रविवारी मावशी मिस्सेच्या बऱ्याच आधी चर्चच्या पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिल्या. एकेक कुटुंब आत गेलं. केरळच्या नर्सेस गेल्या, म्हातारे मॅसीसाहेब काठी टेकत गेले. क्षितिजा नाही. घंटा झाली. लक्ष्मीकांतांनी आतून खूण केली, ये आता. मावशींनी मान हलवली. फोन लावला तर तिचा फोन बंद. गेली असेल का खरंच, सामान बांधून? मावशी पदराचं टोक चावत फाटकाकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात फाटकाशी ई-रिक्षा थांबली आणि क्षितिजा धावत आली. केस तसेच, एका पायात एक चप्पल, दुसऱ्या पायात दुसरीच. धापा टाकत, अर्धं हिंदी अर्धं मराठी, तिने पायऱ्यांवरच सगळं सांगितलं.

तिला सकाळी आपली आपण जाग येत नाही, लहानपणापासूनच. गजर वाजून वाजून थकतो. जुलैपासून दर रविवारी तिला उठवायची ती अर्चिता. तेरी कोचिंग छूट जाएगी म्हणत हलवायची, खाली मेसमध्ये जाऊन चहा आणून उशाशी ठेवायची आणि मग स्वतः परत झोपायची. काल रात्री फोनची बॅटरी संपली, चार्जिंगला लावायचा राहिला. आज मिस्सा चुकणार हे ठरलेलंच होतं. आणि सकाळी कोणीतरी पांघरूण ओढलं. डोळे उघडले तर समोर अर्चिता. चेहरा तसाच फुगलेला. आठवडाभर जिने तोंडातून शब्द काढला नव्हता, ती म्हणाली, "उठ. चर्च है तेरा."

एवढं बोलून क्षितिजा रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "लेकिन मावशी, चाय नहीं दी आज."

"देईल," मावशी म्हणाल्या. "देईल गं."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. पोरीच्या पायांकडे बघून दोन शब्द सुनावायचे होते तेही राहून गेले. दोघी आत गेल्या, मागच्या बाकावर गुडघे टेकून बसल्या. लीलामावशींच्या प्रार्थनेत आधी लक्ष्मीकांत, मग दिवंगत आईबाप, मग तेजपूरचा उल्हास, असा वर्षानुवर्षांचा क्रम ठरलेला. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांत आधी हरदोईच्या मिश्रांच्या मुलीचं नाव घेतलं.